रंगकाम होईपर्यंत

४ ऑक्टोबर

शी! सकाळपासून हाताला वास येतोय, कितीदा साबण लावला तरी जात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराची जाळी तुंबली होती. प्लंबरला फोन केला तर म्हणतो, "बाई, तुमच्या त्या इमारतीत यायला माझी माणसं तयार होत नाहीत." जसं काही इथल्या लोकांच्या अंगाचा मळ वेगळ्या रंगाचा असतो! शेवटी मीच हातमोजे चढवले. जाळीतून काय काय निघालं ते इथे लिहीत नाही, वहीलासुद्धा ओकारी येईल.

इथे पूर्वी लॉज होतं, तेही काही फार अब्रूदार नव्हे. मग एका संस्थेने इमारत घेतली आणि सरकारी निधीतून रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना एकेक खोली दिली. दाराला कुलूप, ज्याची त्याला किल्ली, दोन वेळचं गरम खाणं, आठवड्यातून एकदा डॉक्टर, आणि डोकं खायला मी. मी इथली व्यवस्थापक. आधी शाळेच्या वसतिगृहात होते, पोरींच्या वेण्या आणि उवा बघत. तिथून निवृत्त झाले नि इथे आले.

राहतेही इथेच, तळमजल्यावर जिन्याजवळच्या खोलीत. अर्थात तात्पुरती. मुलाने आमचं जुनं घर विकून मोठं घेतलंय. तिथे माझी खोली तयार होतेय, रंगकाम तेवढं राहिलंय. ते उरकलं की मी निघाले. नाहीतरी अशा जागेला चोवीस तास कोणीतरी लागतंच.

आज पुन्हा गाठोडेवालीशी वाजलं. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत असते ही म्हातारी. बसथांब्याच्या शेडमध्ये कैक वर्षं काढली तिने. खोलीत चांगला पलंग आहे, गादी आहे, धुतलेली चादर आहे. पण ही झोपते जमिनीवर, दाराला पाठ लावून. पोटाशी ते गाठोडं, आणि उशाशी काय? चपला! गल्लीतली सगळी घाण तुडवून आलेल्या चपला डोक्याखाली घेऊन झोपते. बघून मला मळमळलं.

"आजी," मी म्हटलं, "इथे कोणी तुमच्या चपला नेत नाही. काढून बाहेर ठेवा."

"ठेवते हो बाई," म्हणाली.

ठेवत नाही ती. मला पक्कं माहीत आहे.

९ ऑक्टोबर

मुलाचा फोन आला. म्हणजे मीच केला, त्याने उचलला. रंगारी मधेच काम टाकून पळाला म्हणे. हल्ली माणसं कशी टिकत नाहीत कामावर, मला काय ते नवीन नाही. सून पलीकडून काहीतरी बोलली, मग तो म्हणाला, "आई, तुझे खोके ठेवले होते ना गॅलरीत, त्यातलं काही काही ओलं झालं होतं. ते काढून टाकलं हं." काय ओलं झालं ते विचारायचं राहून गेलं. कामाच्या घाईत होता बिचारा.

दुपारी ड्रायव्हर आला. हा एकेकाळी बस चालवायचा. बाटलीपायी आधी नोकरी गेली, मग बायको, मग सगळंच. आता पीत नाही, निदान माझ्यासमोर नाही. आला तो दाढी करून, भांग पाडून. "बाई, या रविवारी पोरगा न्यायला येणार आहे. खोली रिकामी करून देतो."

गेल्या रविवारीही पोरगा येणार होता. त्याच्या आधीच्याही. या इमारतीत सगळ्यांचेच पोरगे न्यायला येणार असतात! मला या लोकांची दया येते आणि चीडही येते. माणसाने स्वतःला इतकं फसवू नये. पण सांगणार कोण? मी म्हटलं, "बरं, येऊ दे. तोवर पहिल्या मजल्यावरचा दिवा बदल."

१७ ऑक्टोबर

जिंकले! आज गाठोडेवाली पलंगावर झोपली आहे.

कसं जमलं ते लिहून ठेवते, कारण संस्थेच्या चिटणीसांना सांगितलं तर ते अहवालात स्वतःच्या नावावर खपवतील. पलंगावर जा म्हणून सांगितलं की ही बाई घाबरते. इतक्या उंचावर झोपलं आणि कोणी आलं तर उठून पळता येणार नाही, असं तिच्या डोक्यात. मग मी पलंगच खोलीतून बाहेर काढला. गादी जमिनीवर घातली. चार दिवस गेले. ती खाली सूप प्यायला आली तेव्हा ड्रायव्हरला सांगून गादीखाली फळी सरकवली. पुढच्या खेपेला फळीखाली विटांचा एक थर. मग आणखी एक. मागच्या अंगणातल्या पडक्या भिंतीच्या विटा, खरवडून, फिनेलने धुऊन घेतल्या. नाहीतर त्यातून काय चालत वर येईल सांगता येत नाही. म्हातारी रोज चार बोटं वर चढत होती आणि तिला पत्ता नव्हता. दाराजवळून भिंतीकडेही अशीच हळूहळू सरकवली. आज विटा काढून पलंग ठेवला, उंची तीच.

संध्याकाळी मी दारातून डोकावले तर पलंगावर पाय पसरून बसलेली. मला म्हणते, "बाई, मला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बरं वाटत होतं," म्हणाली. "कोणीतरी एवढी खटपट करतंय म्हणून."

चपला मात्र अजून उशीखालीच आहेत. शिसारी येते. पण आज चालवून घेतलं.

२६ ऑक्टोबर

सरकारी पाहणी झाली. दोन अधिकारी आणि त्यांच्या मागे फोल्डर धरलेला एक. त्यातल्या थोरल्याने दारातच नाकाला रुमाल लावला. आत आल्यावर त्याला वासच येईना, तेव्हा बिचाऱ्याची पंचाईत झाली. रुमाल तसाच धरून फिरला.

मी आठवडाभर सगळ्यांच्या मानगुटीवर बसून चादरी धुवून घेतल्या होत्या, जिना घासून घेतला होता. ड्रायव्हरने रेलिंगला तेलपाणी केलं होतं. लोक न्हाऊन-धुऊन स्वेटर घालून बसले होते. साहेबांनी दोनतीन खोल्या पाहिल्या, गाठोडेवालीच्या पलंगाची गादी दाबून पाहिली आणि धाकट्याला म्हणाले, "हे लोक काही बेघर वाटत नाहीत हो."

मी म्हटलं, "नाहीतच. खोल्या दिल्यात ना त्यांना."

"तेच म्हणतोय," ते म्हणाले. "मग आता निधी कशासाठी?"

मला वाटलं विनोद केला. मी हसले. ते हसले नाहीत.

३ नोव्हेंबर

चिटणीस आले. आमच्या संस्थेचे हे चिटणीस म्हणजे इस्त्रीसाहेब. मी ठेवलेलं नाव आहे. कधी सदऱ्याला सुरकुती नाही, कधी कपाळाला घाम नाही. टेबलावर कोपर टेकण्यापूर्वी टेबल पुसतात.

त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझं डोकं फिरलं. जुनी योजना वर्षअखेर बंद. तिच्याऐवजी नवी योजना, मोठ्या नावाची. नवी योजना फक्त 'सध्या बेघर' असलेल्यांसाठी. आमच्या लोकांच्या डोक्यावर छप्पर आहे, म्हणून ते बेघर नाहीत, म्हणून त्यांच्या छपरासाठी निधी नाही. निधी नाही म्हणून छप्पर जाईल. छप्पर गेलं की ते पात्र होतील. पण तोवर ही इमारत दुसऱ्या कोणाला गेलेली असेल!

"हे कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?" मी विचारलं.

"समितीच्या."

"समितीत कोणालाच पुढचं दिसलं नाही?"

"ताई, चिडून काय उपयोग? मार्ग काढायचा असतो." त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "मार्ग आहे."

मार्ग असा. महिन्याच्या मध्यावर शहरात बेघरांची गणना आहे. दिवेलागणीला गणना करणारी माणसं फिरतील. जो उघड्यावर अंथरूण घालून बसलेला सापडेल त्याची नोंद होईल, फोटो निघेल, तो पात्र. नव्या योजनेत खोल्या त्यांनाच. तेव्हा आपल्या सगळ्यांनी त्या संध्याकाळी बसथांब्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचं. गणना झाली की परत यायचं.

"म्हणजे ज्यांना रस्त्यावरून आणलं त्यांना परत रस्त्यावर नेऊन बसवायचं? फोटोसाठी?"

"एकाच संध्याकाळचा तर प्रश्न आहे. आणि एक लक्षात ठेवा, इमारत पूर्ण भरलेली दाखवावी लागेल. एक खोली रिकामी राहिली तरी अर्ज बाद. सगळे यायला हवेत. सगळे."

"ते पाहणीवाले साहेब ओळखतील की यांना."

"ते खातं वेगळं. या खात्याचं त्या खात्याला कळत नाही."

हे मात्र त्यांनी फार अभिमानाने सांगितलं. गेल्यावर मी त्यांचा कप उकळत्या पाण्यात टाकला. दुसऱ्या कोणाचा कधी टाकत नाही.

६ नोव्हेंबर

सगळ्यांना जेवणघरात बसवून सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा होईल. पण सगळे सूप ढवळत राहिले. मग ड्रायव्हर म्हणाला, "ठीक आहे बाई. शेड ओळखीचीच आहे." यावर दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही. या लोकांना कशाचा राग म्हणून येत नाही, याचाच मला राग येतो.

गाठोडेवाली तिथे होती. मधेच उठून गेली. अर्धं सूप तसंच.

७ नोव्हेंबर

म्हातारी पलंगावरून खाली उतरली.

सकाळी चहा घेऊन गेले तर दार उघडेना. पलीकडून तिची पाठ. परत दाराला टेकून जमिनीवर, गाठोडं पोटाशी. गाठोड्याला आणखी एक दोरी आवळलेली. इतके दिवस पलंगाखाली पडून असायचं ते. मी फटीतून किती विनवलं. "आजी, एका संध्याकाळची गोष्ट आहे. मी स्वतः बरोबर असेन. हाताला धरून परत आणीन."

"मला आणलं तेव्हाही असंच सांगितलं होतं," ती आतून म्हणाली. "आता कायमचं म्हणून."

"कोणी?"

"तुम्हीच हो."

मी चहा दारात ठेवून आले. तो तसाच गार झाला, वर साय धरली. 

१२ नोव्हेंबर

आज इस्त्रीसाहेबांचा हुकूम आला. गणनेआधी चार दिवस कोणी आंघोळ करायची नाही. दाढ्या करायच्या नाहीत. स्वेटर इथेच ठेवायचे. पांघरुणं जुनी, मळकी बघून न्यायची. "जरा अस्ताव्यस्त दिसू द्या ताई. तुमच्या लोकांना तुम्ही फार टापटीप करून ठेवलंय."

आमच्याकडे मळकी पांघरुणं नाहीत, असं सांगितलं. मग त्यांनी माणूस पाठवला. त्याने अंगणात आमची धुतलेली ब्लँकेटं पसरली आणि त्यावर बुटांसकट चालला. येरझाऱ्या घालत, शिट्टी वाजवत. मी खिडकीतून बघत होते. इतकी वर्षं 'आंघोळ करा, आंघोळ करा' म्हणून लोकांच्या मागे लागले. आज न्हाणीघराच्या दारात मीच उभी, आत सोडत नाही म्हणून! ड्रायव्हर टॉवेल खांद्यावर टाकून आला होता. मला बघून मान खाली घालून परत गेला. थुंकावंसं वाटलं. पण फरशी आमचीच, आणि पुसणारीही मीच.

मुलाला फोन केला. म्हटलं, इथे जे चाललंय ते बघवत नाही, रंगकाम कसंही असू दे, मी येते. तर म्हणाला, "अगं, रंगाच्या वासाने तुला खोकला होईल." काळजी घेतो हो माझी. एरवी बोलून दाखवत नाही.

१५ नोव्हेंबर

इस्त्रीसाहेबांना सांगितलं, गाठोडेवाली येणार नाही.

"आणा."

"कशी आणू? दार उघडत नाही. आठवडाभर धड जेवलेली नाही. रस्त्यावर नेलं तर ती तिथेच राहील. परत यायची नाही."

"मग ताई, एका म्हातारीपायी बाकीच्या सगळ्यांना बाहेर काढायचं का? तुम्हीच ठरवा." हे बोलताना त्यांनी बाहीवरचा एक धागा चिमटीत धरून काढला आणि कुठे टाकावा म्हणून इकडेतिकडे बघितलं. शेवटी माझ्या टेबलावर ठेवला.

त्या क्षणी हा माणूस माझ्या मनातून पार उतरला. आधीही चढलेला होता अशातला भाग नाही.

तो गेल्यावर मी वर गेले. दाराबाहेर जमिनीवरच बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. म्हटलं, "आजी, तुम्ही येऊ नका. तुमच्या जागी मी बसते. तुमच्या वयाची नसले तरी अंधारात खपून जाईन. तेवढी तुमची शाल द्या."

 मग आत काहीतरी सरपटलं, दार हातभर उघडलं, आणि तिने शाल बाहेर सरकवली. मागोमाग गाठोडं.

आजवर तिने त्याला कोणाला बोट लावू दिलेलं नाही. एकदा डॉक्टरांनी नुसतं उचलून बाजूला ठेवलं तर त्यांच्या मनगटाला चावली होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घ्या," म्हणाली. "ह्याच्याशिवाय कोणी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही."

हातात घेतलं तर अगदी हलकं. वास मात्र असा की डोळ्यांत पाणी आलं. सोडून पाहिलं नाही. दुसऱ्याचं सामान उघडायची मला सवय नाही.

१६ नोव्हेंबर

हात धुतले, डोकं धुतलं, शाल भिजत घातली आहे. आता लिहिते.

शेडमध्ये आम्ही ओळीने बसलो. बाकाखाली काय काय होतं! खरकटं, पिचकाऱ्या, एका कोपऱ्यात कोणीतरी नुकतंच... जाऊ दे. आमचे लोक मात्र आल्या आल्या आपापल्या जुन्या जागी जाऊन बसले, न सांगता. ड्रायव्हरने मला खांबाच्या आडोशाची जागा दाखवली. "ही तिची. इथे वारा लागत नाही." आणि म्हणाला, "बाई, चपला काढून पुढे ठेवू नका. जातील."

मग मी त्या डोक्याखाली घेऊन आडवी झाले. दिसायलाही बरं, अस्सल वाटतं. माझ्या चपला स्वच्छ असतात.

बसला उभे असलेले लोक आमच्याकडे पाठ करून उभे होते. एका बाईने मुलीला जवळ ओढलं. त्या बाईला मी ओळखते. तिची थोरली आमच्या वसतिगृहात होती. तिने माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि ओळखलं नाही. एवढं माझं सोंग उत्तम वठलं होतं.

गणनेला आलेली मुलगी लहानशीच होती. सर्दी झालेली, दर वाक्याला नाक ओढत होती. पण माझ्यासमोर चक्क खाली बसली, त्या घाणीत. नाकाला रुमाल नाही. मी म्हातारीचं नाव सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. मी काही तयारी केली नव्हती, पण उत्तरं अशी पटापट सुचत गेली की माझं मलाच नवल वाटलं.

"आजी, तुमचं स्वतःचं घर होतं?"

"होतं. विकलं."

"कोणी?"

"मुलाने. मोठं घेतलं."

"मग तिथे का नाही जात?"

"रंगकाम चाललंय."

तिने लिहिणं थांबवून वर बघितलं. "कधीपासून?"

"झाली की काही वर्षं," मी म्हटलं. "माणसं टिकत नाहीत ना कामावर."

"सामान कुठाय तुमचं?"

"त्याच्या गॅलरीत होतं. ओलं झालं म्हणून टाकलं."

पोरीचं नाक आणखीच वाहायला लागलं. सर्दी अंगावर काढतात ही मुलं. मी मनात म्हटलं, काय बेमालूम कहाणी रचली! थोडं आपल्या घरातलं घेतलं की खोट्याला खऱ्याचा रंग येतो.

शेवटी तिने विचारलं, "आजी, तुमच्या एकटीची खोली मिळाली, दाराला कुलूप, किल्ली तुमच्याकडे, तर राहाल?"

मी गाठोडं पोटाशी ओढून घेतलं. डोळे चुरचुरले. त्या गाठोड्याचा वास असणार. मग म्हटलं, "हो." तिने फोटो काढला.

परत आल्यावर गाठोडं वर नेऊन दिलं. म्हातारी दार उघडं टाकून उभी होती. तिने गाठोडं घेतलं आणि सरळ पलंगावर जाऊन बसली. ड्रायव्हर आणि बाकीचे तोवर न्हाणीघरासमोर रांगेत उभे होते. आज कोणाला सांगावं लागलं नाही. गरम पाणी संपलं तरी भांडण नाही.

३ डिसेंबर

मंजुरी आली. सगळ्या खोल्या मंजूर. नव्या योजनेत प्रत्येक दारावर राहणाऱ्याचा फोटो आणि नाव लावायचा नियम आहे. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीवर नाव म्हातारीचं आणि चेहरा माझा! येणारे-जाणारे बघून खिदळतात. फोटोत मी अगदीच कशीतरी दिसते. असा रडवेला चेहरा मी कधी केला ते आठवत नाही.

इस्त्रीसाहेब पेढा मिळाल्यासारखे खूश. जाता जाता म्हणाले, "एक राहिलंच ताई. नव्या योजनेत व्यवस्थापकाच्या राहण्याची तरतूद नाही. तळमजल्यावरची तुमची खोलीही मोजणीत धरलीय, तिथे नवा माणूस येईल. तुम्ही दिवसा या. तुमचं काय, तुमचा तर मुलगा आहे. तुमची सोय आहेच."

"आहेच," मी म्हटलं. "केव्हाही जाऊ शकते."

७ डिसेंबर

मुलाशी बोलले. अडचणीची वेळ आहे त्यांची. सुनेची आई राहायला आली आहे आणि ती त्या खोलीत आहे. म्हणजे खोली तयार आहे तर! मी म्हटलं, रंग कुठला दिला? तो म्हणाला, "कसला रंग?" आणि मग, "हां हां, पिवळा." आवाज नीट येत नव्हता. पिवळा मला आवडतो. त्याच्या लक्षात आहे हे बरं वाटलं.

मग का कोण जाणे, दिवसभर सगळ्यांवर खेकसले. कपबशी फोडली. आरशात तोंड बघितलं आणि त्याचीही किळस आली.

१२ डिसेंबर

तळमजल्यावरच्या खोलीत नवा माणूस आला. पायाला जखम, अंगाला वास. त्याला साबण कुठे ते दाखवलं, दाराची किल्ली दिली. त्याने ती मुठीत इतकी घट्ट धरली की मूठ उघडवेना.

सुनेची आई जाईपर्यंत मी वर गाठोडेवालीच्या खोलीत राहणार आहे. कोणी तपासायला आलं तर दारावर फोटो माझाच आहे, तेवढा एक फायदा. ती म्हणाली, "फोटो तुमचा, पलंग तुमचा. तुम्ही झोपा वर." मी ठणकावून नाही म्हटलं. ती पलंगावर चढावी म्हणून मी काय खस्ता खाल्ल्यात ते मलाच माहीत. मी खाली गादी घातली. खोली लहान, दाराजवळच तेवढी जागा आहे.

पडल्या पडल्या पलंगावरून आवाज आला. "अगं, चपला बाहेर ठेव की. इथे कोणी नेत नाही."

आजवर मला ती अहो-जाहो करायची. मी म्हटलं, "ठेवते."

नाही ठेवल्या. बाहेर नवा माणूस आलाय, कशाला उगाच.

१९ डिसेंबर

लोकांना चेव आलाय नुसता! आज जेवून वर आले तर माझी गादी जमिनीपासून वीतभर वर. हात घालून पाहिलं. खाली फळी, फळीखाली विटा. फिनेलने धुतलेल्या, वास येत होता. शिवाय दारापासून जरा आत, भिंतीकडे सरकवलेली.

मी जिन्यावरून ड्रायव्हरला हाका मारल्या. तो वर आलाच नाही. खालून नुसतं म्हणाला, "मला काही ठाऊक नाही बाई." म्हातारीला विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडली होती, खांदे हलत होते.

"अहो, मी काय इथे कायमची राहायला आलेय का?" मी ओरडले. "चार दिवसांचा प्रश्न आहे!"

 शीः, काय माणसं आहेत ही, कशाचा काही पाचपोच नाही.

विटा काढायला मात्र सांगितल्या नाहीत. जमिनीची ओल येत नाही, कमरेला जरा बरं वाटतंय.